चाळणीबाईंची भट्टी

आमच्या बाईंच्या पर्समध्ये सिगारेट पेटवायचा लायटर असायचा, तोही निळी ज्योत फेकणारा. शिवाय तांब्याच्या तारेचा एक वाकडा तुकडा. लग्नाला गेल्या की पर्समधून आधी लायटर बाहेर यायचा आणि मग आहेराचं पाकीट. नवख्या माणसांच्या भुवया वर जायच्या. बाई सिगारेट ओढत नव्हत्या. हाताला लागेल त्या पिशवीचा, नळीचा, डब्याच्या झाकणाचा कोपरा पेटवायचा, फुंकून विझवायचा, धूर नाकापाशी न्यायचा आणि तोंड कडू करून निकाल द्यायचा, हा त्यांचा छंद. विझलेल्या मेणबत्तीसारखा वास आला तर "चालेल." वास बोचरा आला तर मात्र तार बाहेर यायची. तार तापवून लाल करायची, प्लॅस्टिकला टेकवायची आणि परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की समजायचं, यात क्लोरीन आहे, म्हणजे हे पीव्हीसी. मग ती वस्तू आणि ती आणणारा माणूस, दोघंही बाईंच्या मनातून उतरायचे. एकदा एका नवरदेवाच्या कारच्या सजावटीतून हिरवी ज्योत निघाली. बाई जेवल्या नाहीत, घरी निघून आल्या.

जळगावच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या आणि सगळं कॉलेज त्यांना चाळणीबाई म्हणायचं. कारण त्या खरोखरच वर्गात पिठाची चाळणी घेऊन यायच्या. प्लॅस्टिक म्हणजे एक लांबच लांब साखळी, ती तोडून छोटे तुकडे केले की तेल होतं, हे त्या केळीच्या घडावरून सांगायच्या. अख्खा घड पेटीत बसतो का? नाही. मग विळ्याने फण्या करायच्या. उत्प्रेरक म्हणजे तो विळा. पण आमचा विळा भोकांचा आहे, असं म्हणून त्या चाळणी वर धरायच्या. डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक भोकं असलेले खडे. वितळलेल्या प्लॅस्टिकची वाफ त्यांतून जाते, भोकात मावेल तेवढा तुकडा तुटून बाहेर पडतो, न मावणारा आत अडकतो आणि पुन्हा तुटतो. "दगडाला किंमत नाही," त्या म्हणायच्या, "किंमत भोकांना आहे. तुमच्या डोक्यांना भोकं असती तर मी आज कुठल्या कुठे असते."

विद्यार्थ्यांची नावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. गावावरून हाक मारायच्या. मी पिंप्राळ्याची, म्हणून मी "पिंप्राळा". माझ्या शेजारी एरंडोल बसायची, मागे यावल. एकाच गावाचे दोघं निघाले तर त्यातला मठ्ठ कोण ते ठरवून त्याला "खुर्द" जोडायच्या. पुढे मी एम.एस्सी. झाले, त्यांच्याच हाताखाली प्रयोगशाळेत काम करू लागले, माझं लग्न झालं, मी सासरचं नाव लावायला लागले. त्यांच्या लेखी मी पिंप्राळाच. लग्नाच्या पत्रिकेवर त्यांनी नवऱ्याचं गाव वाचलं आणि म्हणाल्या, "धुळे का? बरं. तिकडे हवा तरी कोरडी आहे."

कौतुक नावाची गोष्ट बाईंना येत नव्हती आणि कुणी करू लागलं तर त्यांना ती सहनही होत नव्हती. शहरात प्लॅस्टिकमुक्तीची फेरी निघायची, तेव्हा आमच्या कॉलेजच्या मुलांना कडेला उभं करायचे. मुलांच्या डोक्यावर छापील टोप्या, हातात पाण्याच्या बाटल्या, पोटात वेष्टनातली बिस्किटं. फेरी संपल्यावर रस्ता कसा दिसायचा ते मी सांगायला नको, तुम्हीही कुठल्या ना कुठल्या फेरीत चालला असाल. बाई फाटकाशी उभ्या राहून ते सगळं बघायच्या आणि एवढंच विचारायच्या, "उरलं काय?" हा त्यांचा आवडता प्रश्न. एका कृषी प्रदर्शनात एकजण प्लॅस्टिकपासून पेट्रोल काढून दाखवत होता. एका टोकाने पिशव्या टाकायच्या, दुसऱ्या टोकाने पेट्रोल, आणि भोवती टाळ्या वाजवायला मंडळी. बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "छान. उरलं काय?" तो म्हणाला, काही उरत नाही. "काही न उरणारी गोष्ट फक्त भाषण," बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या. तेव्हा मला तो उद्धटपणा वाटला होता. पुढच्या वर्षी तो पेट्रोलवाला दिसला नाही, त्याचं यंत्रही दिसलं नाही, तेव्हा काय उरलं ते कळलं.

स्वतः बाईंनी मात्र उरलेल्यातूनच सगळं केलं. भुसावळकडच्या औष्णिक वीज केंद्राची राख, जी कुणाला नको असते, ती पोत्यांनी आणायची. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात दिवसदिवस उकळायची, धुवायची, आम्लाच्या पाण्यातून काढायची, की त्या राखेतून भोकांचे स्फटिक तयार होतात. बाहेरून विकत आणायचे खडे याहून चांगले असतात, हे त्या लपवत नव्हत्या. पण ते मागवायला ज्या सह्या लागतात त्या मिळवण्यापेक्षा राख उकळणं सोपं, असं त्यांचं मत. मग त्या भुकटीत थोडी माती घालून कणकेसारखं मळायचं आणि शेव पाडायच्या सोऱ्यातून पाडायचं. हो, आपला पितळी सोऱ्या. उन्हाळ्यात शेजारणी गच्चीवर ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या वाळत घालायच्या, त्यांच्या बाजूला बाईंची राखाडी शेव वाळत पडायची. जळगावच्या मे महिन्याच्या उन्हासारखी भट्टी कुठल्याही विद्यापीठाकडे नाही, हे बाईंचं या शहराबद्दलचं एकमेव चांगलं वाक्य. एका शेजारणीच्या नातवाने ती शेव चाखून बघितली. बाईंनी त्याला पाणी पाजलं, काही होत नाही म्हणून त्याच्या आईची समजूत काढली आणि मग त्याला विचारलं, "कुरकुरीत होती का?" तो हो म्हणाला. "मग वाळली," म्हणून त्या शेव गोळा करायला लागल्या.

हे सगळं कशासाठी, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचं माहेर धरणगावकडचं, कापसाचं शेत. शेजारच्या बांधावर दर उन्हाळ्यात ठिबकच्या जुन्या नळ्या पेटवायचे. फुटलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या नळ्यांचं दुसरं करायचं काय? काळा धूर घरात यायचा आणि बाईंची आई खोकायची. दरवर्षी जास्त खोकायची. "ती गेली तेव्हा डॉक्टर म्हणाला, वय झालं होतं," बाई म्हणाल्या. "वय सगळ्यांचंच होतं. तिच्या थुंकीत काजळी होती." पुढे कितीतरी व्यासपीठांवर त्यांना भाषणं करावी लागली, पण आईचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. टाळ्या मिळवायला आई वापरणाऱ्यांची त्यांना शिसारी होती. बांधावर नळी जळायला नको, एवढं एकच त्यांना करून जायचं होतं. बाकीचं सगळं, म्हणजे पेपर, परिषदा, पदव्या, हा त्यांच्या भाषेत "पाला" होता.

त्यामुळे नशिराबादजवळच्या केळीवाल्या शेतकऱ्यांच्या गटाने जेव्हा छोटा प्रकल्प उभा करायचं ठरवलं, तेव्हा बाई आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन कुणाच्या दारात गेल्या. गटाचे अध्यक्ष नाना. जाडजूड, हसतमुख, खिशाला दोन पेन, आणि फोटोत यायची अनावर हौस. गावात कुणाचा वाढदिवस असो, निवड असो की निधन, चौकातल्या फ्लेक्सवर खालच्या रांगेत नानांचा गोल चेहरा असायचाच. बाई त्यांना "नशिराबाद" म्हणायच्या, ते बाईंना अक्का म्हणायचे. दोघांचं बरं जमलं. नानांनी शेड दिली, लोखंडी भट्टी बनवून घेतली, शेताशेतातून नळ्या आणि घडांवर चढवायच्या पिशव्या गोळा केल्या. वितळायच्या भांड्याला वर दोन झाकणांचं तोंड होतं. वरच्या झाकणातून टोपली ओतायची, ते बंद करायचं, मग खालचं उघडायचं, म्हणजे आत हवा जात नाही. वाफ बाईंच्या शेवेतून जायची आणि शेवटी नळातून पिवळसर तेल यायचं. पहिल्यांदा ते आलं तेव्हा नानांनी हात जोडले. बाईंनी बोट बुडवून वास घेतला आणि म्हणाल्या, "घाण आहे. पण तेल आहे." त्या हंगामात आसपासच्या बांधांवर धूर दिसला नाही. ते तेल एका डाळ मिलच्या भट्टीला जाऊ लागलं आणि लोक आपण होऊन नळ्या आणून टाकू लागले. इथे ही गोष्ट संपली असती तर मला हे लिहायला लागलं नसतं.

पण आपल्याकडे चालू असलेल्या गोष्टीचं उद्‌घाटन केल्याशिवाय ती चालू आहे असं कुणाला वाटत नाही. नानांच्या मनाने घेतलं की कार्यक्रम झाला पाहिजे. पुढारी बोलावले पाहिजेत, मांडव पाहिजे, जेवण पाहिजे. नुकतीच निवडणूक होऊन गेली होती. गावोगावच्या चौकांतून उतरवलेल्या फ्लेक्सचे ढीग पडले होते आणि त्यांचं करायचं काय हा प्रश्न होताच. कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की पाहुण्यांनी स्वतःचाच जुना फ्लेक्स भट्टीत टाकून उद्‌घाटन करायचं. आपल्या फोटोचं तेल करणारा पहिला नेता! बातमी तयार, फोटो तयार, फक्त टाकायचं बाकी. हा विचार जगात दुसरीकडे कुठे कुणाला सुचला नसता, याबद्दल मला आजही खात्री आहे.

आदल्या दिवशी बाईंनी त्या ढिगातल्या एका फ्लेक्सचा कोपरा तारेला टेकवला. हिरवी. दुसरा, हिरवी. कुठल्याही पक्षाचा घ्या, हिरवी. आत पॉलिएस्टरचं कापड आणि वरून पीव्हीसीचा लेप, बाईंना ते न पेटवताही माहीत होतं, पण नानांना दाखवायचं होतं. त्यांनी समजावून सांगितलं की हे तापलं की यातून मिठाच्या आम्लाची वाफ निघते, ती आधी माणसाच्या छातीत जाते, मग लोखंडात, मग शेवेत. शेवेची भोकं खाऊन टाकते. नानांनी ऐकून घेतलं. मान हलवली. मग खाली बघत म्हणाले, "अक्का, एकच टोपलं तं हाये. साहेबाच्या हातानं पडू द्या. मंग सारं बठ्ठं तुमी म्हनसान तसं."

"नशिराबाद," बाई म्हणाल्या, "भट्टीला साहेब कळत नाही."

नानांनी शब्द दिला की फ्लेक्स नुसता टोपलीत ठेवून फोटो काढू, आत घालणार नाही. बाईंनी विश्वास ठेवला. ज्यांनी जन्मभर कुणावर ठेवला नाही त्यांनी तिथे ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी भट्टीपाशी होते. तेल लगेच दिसावं म्हणून भट्टी सकाळपासून तापवून ठेवली होती. मांडवात भाषणं लांबली. मग सूत्रसंचालकाने पुकारलं की या प्रकल्पामागच्या थोर शास्त्रज्ञ अक्कांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. बाईंना बळेच स्टेजवर चढवलं. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात गुच्छ, खांद्यावर शाल, चारी बाजूंनी माणसं. माणसाला जागेवर खिळवून ठेवायचं असेल तर आपल्याकडे याहून चांगली सोय नाही. तेवढ्यात पाहुणे इकडे शेडमध्ये आले आणि त्यांनी टोपली उचलली. मी आडवी गेले, साहेब, फक्त फोटो, असं म्हणाले. एका कार्यकर्त्याने मला "ताई, बाजूला" म्हणून हलवलं, जसं खुर्ची हलवतात. पाहुण्यांनी टोपली ओतली. मग ज्या फ्लेक्सवर ज्याचा चेहरा होता त्या प्रत्येकाला तो टाकायचा होता. साहेबांच्या पाठोपाठ आपलाही फोटो निघावा म्हणून रांग लागली. मी ओरडत होते आणि बँजो वाजत होता.

आधी बोचरा वास आला. मग झाकणाच्या फटीतून पांढरी वाफ. मग सगळे एकदम खोकायला लागले. ज्यांनी मांडवात निसर्गरक्षणाची शपथ घेतली होती ती मंडळी नारळ, हार, चपला टाकून केळीच्या बागेत पळाली. पाहुण्यांची गाडी तर त्यांना न घेताच निघाली होती, ती पुढे वळणावर थांबली. बाई स्टेजवरून उतरून आल्या. पाण्याच्या पिंपात त्यांनी ती शाल बुडवली, नाकातोंडाला गुंडाळली, आत शिरल्या आणि बर्नर बंद केला. सत्काराच्या शालीचा उपयोग झालेला मी आयुष्यात एवढाच पाहिला आहे. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लालभडक होते. मांडवाच्या खांबाला धरून नाना उभे होते. चिडल्या की बाईंच्या तोंडी माहेरची बोली यायची. नानांकडे बघून त्या म्हणाल्या, "हाई काय करी ठेवं?" एवढंच. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तो चढला नव्हता म्हणूनच मला भीती वाटली.

जीव कुणाचा गेला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे एकच बातमी: बाईंचा प्रयोग फसला. फ्लेक्सचा शब्द नाही, पाहुण्यांचा नाही, रांगेचा तर नाहीच. प्राचार्यांनी बाईंना बोलावून कॉलेजच्या प्रतिमेबद्दल चिंता व्यक्त केली. फेरीला टोप्या वाटणाऱ्या माणसाला प्रतिमेची चिंता! स्टाफरूममध्ये जे जन्मात कधी प्रयोगशाळेत फिरकले नव्हते ते म्हणू लागले, आम्हाला आधीच शंका होती. मी चवताळले होते. लिहून पाठवते, सगळं सांगते, असं मी बाईंना म्हटलं. बाई तारेचं टोक कागदाने घासत होत्या. "उत्तर कुणाला देणार, पिंप्राळा?" त्या म्हणाल्या. "ज्याला प्रश्न कळला नाही त्याला?"

भट्टी उघडली तेव्हा शेव काळी झालेली होती. काळं होण्याचं बाईंना काही वाटत नव्हतं. वापरली की शेवेवर काजळी बसतेच, मोकळ्या हवेत भाजली की ती जळून जाते आणि शेव पुन्हा उजळते, असं आम्ही कितीतरी वेळा केलं होतं. याही वेळी आम्ही ती प्रयोगशाळेच्या भट्टीत भाजली. रंग परत आला. मला हायसं वाटलं. बाईंनी एक तुकडा चिमटीत धरला आणि त्याचं पीठ झालं. "काळी झालेली परत येते," त्या म्हणाल्या. "आम्लाने खाल्लेली येत नाही. वरून अगदी स्वच्छ दिसते, आतली भोकं बुजलेली असतात. आपल्या प्राचार्यांसारखी." आणि त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

प्रकल्प बंद पडला. पुढच्या उन्हाळ्यात बाई आणि मी भुसावळहून बसने येत होतो. नशिराबादच्या अलीकडे हायवेच्या दोन्ही बाजूंना बांधावर धूर होता. काळा, ठिबकच्या नळ्यांचा. बाईंनी खिडकी लावून घेतली. थोड्या वेळाने मी बघितलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "धुराने."  जी बाई जगातल्या कुठल्याही खोट्याला सोडत नसे, तिचं हे एवढं खोटं मी सोडून दिलं.

थंडी पडली आणि एका सकाळी नाना बाईंच्या दारात आले. हातात पिशवी, पिशवीत भरताची वांगी, हिरवी, मोठी, तुकतुकीत. आपल्याकडे चुकलो म्हणायची रीत नाही, वांगी आणायची रीत आहे. नाना बसले. थंडीबद्दल बोलले, केळीच्या भावाबद्दल बोलले, सुनेच्या बाळंतपणाबद्दल बोलले. भट्टीचं नाव नाही. मी त्या दिवशी बाईंकडेच होते; चहा घेऊन आले तेव्हा बाई वांग्यांकडे बघत होत्या.

"वांगी आणली म्हणजे भट्टी पेटते का?" त्यांनी विचारलं.

नानांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मायची छाती भरली, अक्का. बांधावरच्या धुरानं. रातभर खोकते." त्यांची आई.  बाई उठल्या, पर्समधून तार आणि लायटर काढला आणि नानांच्या हातात दिला. "आधी हे शिक," त्या म्हणाल्या. अध्यक्षांना अरे-तुरे करायची ती पहिली वेळ. नानांनी ते मुकाट्याने घेतलं. बाईंच्या ओट्यावरच्या बादल्या, चपला, दारातला पाइप, सगळ्यांची सकाळभर परीक्षा झाली. दुपारी भरीत झालं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. बाई दोनदा वाढून घेऊन म्हणाल्या की वांगी जून आहेत.

त्या उन्हाळ्यात नानांच्या गच्चीवर नवी शेव पडली. त्यांची बायको आणि सून सोऱ्या फिरवायच्या, बाई नावं ठेवायच्या. भट्टीचं आतलं भांडं बदललं. सुरू करताना बाईंची अट एकच, कुणीही येणार नाही. नारळ नाही, फीत नाही, फोटो नाही. एका साध्या दुपारी, नाना, मी आणि बाई, एवढ्यांत भट्टी सुरू झाली. अजून चालते. कधी आठवडाभर बंद असते, कधी तेल गढूळ येतं, जगात क्रांती वगैरे काही झालेली नाही. दारात नाना खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या प्रत्येक टोपलीतला तुकडा तारेला टेकवून बघतात. पीव्हीसीच्या पाइपाचा तुकडा निघाला तर स्वतःच्या भावकीतल्या माणसालाही माघारी पाठवतात. याबद्दल मात्र कुठे बातमी आली नाही. शहराच्या लेखी बाई म्हणजे प्रयोग फसलेल्या बाईच राहिल्या, आणि शहराने तसं समजावं इतकीच त्या शहराची लायकी होती.

निवृत्तीनंतर बाईंचं हृदय कुरकुरायला लागलं आणि मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. निघायच्या दिवशी मी धुळ्याहून भेटायला आले. तोवर मी धुळ्यातच शिकवायला लागले होते. त्यांनी सोऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात ठेवला. "खायची शेव करू नकोस यात," म्हणाल्या. मी पाया पडले तर पाय मागे घेतले. मी रडायला लागले तेव्हा त्या वैतागल्या. "पुण्याला चालले आहे, पिंप्राळा. तिथे जिवंत माणसंही राहतात असं ऐकलंय." त्यानंतर त्या फोनवरच भेटल्या. दर वेळी माझी चौकशी नाही, नवऱ्याची नाही. "धूर दिसतो का?" मी नाही म्हणायचे. "नीट बघ," म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या. मग एक दिवस त्यांच्या मुलाचा फोन आला. मी धुळ्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात उभी होते आणि मला कितीतरी वेळ गॅस बंद करायचं सुचलं नाही.

नानांनी भट्टीच्या आवारात शोकसभा ठेवली. मी बसने नशिराबादला उतरले आणि फाट्यावरच थबकले. फाट्यावर बाई होत्या. दहा फुटी फ्लेक्स, भावपूर्ण श्रद्धांजली, खांद्यावर शाल, हातात नारळ. त्या सत्काराचाच फोटो. त्यात बाई हसताहेत असं लोकांना वाटतं. मला ठाऊक आहे, त्या "आटपा लवकर" म्हणत होत्या. खालच्या रांगेत गोल चेहरे होतेच. पहिला नानांचा. मला इतका संताप आला की तिथूनच परत फिरावं असं वाटलं. जन्मभर ज्या वस्तूचा तिरस्कार केला, जिने त्यांची भट्टी खाल्ली, त्यांचं नाव खाल्लं, तिच्यावरच त्यांना छापून टांगलं होतं. सभेत कोण काय बोललं ते मला आठवत नाही. त्यांची थोरवी सांगायला प्राचार्यही आले होते.

माणसं पांगल्यावर मी नानांना शोधायला गेले, चार शब्द ऐकवायलाच. नाना फाट्यावर शिडी लावून फ्लेक्सच्या दोऱ्या सोडत होते. फ्लेक्स त्यांनी खाली घेतला, रस्त्याकडेच्या गवतावर नीट पसरला, बाईंच्या चेहऱ्यावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून पलीकडे गेले आणि उकिडवे बसले. मग खिशातून लायटर काढला. तोच, निळ्या ज्योतीचा. तार लाल केली, कोपऱ्याला टेकवली, परत ज्योतीत धरली.

ज्योत हिरवी झाली. आपण स्वतःच छापून आणलेल्या वस्तूचा निकाल नाना डोळे बारीक करून बघत राहिले, जसे रोज टोपल्यांचे बघतात तसे. मी मागे उभी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी लायटर विझवला आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, "अक्का, तुमाले भट्टीत नाई टाकता येत."

मी पुढे होऊन फ्लेक्सचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी मिळून फ्लेक्सची घडी घातली. नानांनी तो घरी नेऊन गोठ्याजवळच्या कडब्यावर टाकला, छापील बाजू खाली करून. वरून पांढरा दिसतो. अक्काले ऊन लागू नये, म्हणाले.

त्या संध्याकाळी धुळ्याच्या बसमध्ये मी खिडकी उघडी ठेवली आणि नशिराबादपासून अंधार पडेपर्यंत दोन्ही बाजूंचे बांध बघत गेले. नीट बघितले. धूर नव्हता. फोन करून सांगायला मात्र आता कुणी नव्हतं.